गस्त घालणाऱ्यांची राखण



दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात येतो, सोयाबीनचा पैसा हाती येतो आणि त्याच्या मागोमाग चोऱ्यांच्या बातम्याही येतात. मग खेड्यापाड्यांत आणि नांदुऱ्यासारख्या गावच्या बाजारपेठेतही पोरं रात्रीची गस्त घालायला निघतात. पोरं आपलीच असतात. ती परत येईपर्यंत घरातल्या बाईचा डोळा लागत नाही. चोरापासून पेठ कशी राखायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. राखणाऱ्याला कोणी राखायचं, हे मात्र कोणी बोलत नाही. आज आपण तेच बोलू, आणि त्यासाठी जरा मागे जाऊ.

वऱ्हाडातल्या जुन्या गावाला वेस असायची, पाटलाची गढी असायची आणि रात्री जागायला जागल्या असायचा. बहुतेक गावांत हे काम महार समाजाकडे होतं, काही ठिकाणी भिल्ल किंवा कोळी समाजाकडे. रात्रभर फिरायचं, गावात कोण परका आला ते पाटलाला सांगायचं, चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या शिवेपर्यंत गेला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग आपल्याच शिवारात हरवला तर नुकसानीची भरपाई गावाच्या, म्हणजे बहुधा त्याच्याच, अंगावर यायची. एवढं करून मिळायचं काय? सुगीला थोडं धान्य. आणि ज्याने वेस राखायची, त्याचं स्वतःचं घर वेशीबाहेर! दरोडेखोर आले तर पहिला घाव त्याच्यावर पडायचा, आणि चोर सापडला नाही तर पहिला संशयही त्याच्यावरच जायचा. आपल्याकडे राखणीचं कौतुक फार झालं, पण राखणाऱ्याचा जीव स्वस्तच धरला गेला.

तरीही त्या जागल्याजवळ एक शहाणपण होतं. तो आवाज करत फिरायचा. काठी आपटायची, खाकरायचं, हाळी द्यायची. आम्हाला लहानपणी वाटायचं, हा आवाज झोपलेल्यांसाठी. खरं तर तो चोरासाठीही होता: मी येतोय, तू नीघ. अंधारात दोघांची अचानक गाठ पडली की घाबरलेला चोर वार करतो. आवाज ऐकून तो आधीच पळाला, तर कोणाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. चोर पकडायला दबक्या पावलांनी निघालेल्या आजच्या पोरांना हे पटत नाही. पटायला हवं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. त्याच रुळांवर मलकापूर आणि शेगावच्या मध्ये आपलं नांदुरा स्टेशन आहे. कापसाचा व्यापार वाढला, रात्रीबेरात्री गाड्यांतून माणसं उतरू लागली. गावातला प्रत्येक चेहरा ओळखणाऱ्या जागल्याची ओळख इथे पुरेना. आज तर राष्ट्रीय महामार्गही आहे, त्यावर ट्रक आहेत, ढाबे आहेत. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आणि रामनवमीला शेगावकडे पायी निघालेले वारकरी आहेत, आणि ऊन टाळायला ते पहाटेच्या अंधारातच चालतात. कापूस वेचायला आलेले मजूर आहेत, पाल टाकून राहणारे भटके आहेत. नांदुऱ्यात रात्री दिसणारा परका माणूस बहुतेक वेळा आपल्या वाटेने जाणारा साधा माणूस असतो. गस्तीला निघणाऱ्या पोराला पहिल्या रात्री हेच सांगून पाठवायला हवं.

स्वयंसेवकाला शिकवून, गणवेश देऊन, कोणाच्या तरी हुकमाखाली उभं करायचं, ही गोष्ट आपल्याकडे बरीच उशिरा आली. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत होमगार्ड सुरू झालं. नांदुरा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होतं, आणि त्या प्रांतानेही १९४७ मध्ये होमगार्डचा स्वतंत्र कायदा केला. मुंबईच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आली, आणि हे दल उभारायचा अधिकार जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे ठेवला गेला. वंशपरंपरेची पाटीलकी गेली आणि १९६७ च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आला. आता पुष्कळ गावांत बायाही पोलीस पाटील आहेत. या सगळ्यामागचा विचार एकच दिसतो. गस्त घालणारा माणूस एकटा नसावा आणि त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं.

नाव लिहिलेलं नसलं, हुकूम देणारं कोणी नसलं की काय होतं, ते पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याने दाखवलं. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या आणि लोक रात्रीचा पहारा देत होते. १६ तारखेच्या रात्री दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक तिथून चालले होते. ते एका अंत्यविधीला निघाले होते. जमावाने त्यांना अडवलं आणि पोलिसांच्या समोर तिघांनाही ठार केलं. पुढे शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. पहाऱ्याला उभं राहताना कोणी खून करायचं ठरवून आलं असेल असं आम्हाला वाटत नाही. भीती होती, हातात काठ्या होत्या, गर्दी होती, आणि थांबा म्हणणारं, ज्याचं सगळे ऐकतील असं कोणी नव्हतं. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर दिवसाढवळ्या, अशाच अफवेवरून, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मारून टाकलं. मेलेल्यांची घरं उजाड झालीच. पण अटक झालेल्या प्रत्येकाच्या घरीही एक आई किंवा बायको असणारच ना? गस्तीच्या पोराला चोरापासून जेवढा धोका आहे, तेवढाच आपल्या घाबरलेल्या घोळक्यापासून आहे.

याच्या उलट उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळलं होतं. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस नेमाने एकत्र बसू लागले, नळाच्या भांडणापासून सगळं बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली की कोणाला विचारायचं, हे तिथे लोकांना आधीच माहीत झालं होतं. त्या कमिट्या काही काठ्या घेऊन फिरणाऱ्या नव्हत्या, पण आपल्या गस्तीला शिकायचं आहे ते इथेच.

मग आपण काय करायचं? खेड्यात पोलीस पाटलाकडे आणि नांदुऱ्यात थेट ठाणेदाराकडे गस्तीवाल्यांची यादी द्यायची. नाव, मोबाईल, कोणत्या रात्री, कोणत्या गल्लीत. एकट्याने कोणी फिरायचं नाही. चार-पाच जण असावेत, त्यात एक पोक्त माणूस, आणि त्याने थांबा म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. दारू प्यालेल्याला त्या रात्री घरी पाठवायचं, मग तो कोणाचा का मुलगा असेना. हातात बॅटरी आणि शिट्टी. काठी कुत्र्यासाठी आणि सापासाठी ठीक आहे, कुऱ्हाड-कोयता नको. महामार्गाजवळ चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालावं, कारण अंधारात चोरापेक्षा भरधाव ट्रकच जीव घेण्याची शक्यता जास्त. पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. तो कुठल्या बाजूला गेला, गाडी कोणती, एवढं पाहून ११२ ला फोन लावायचा.

कायदा काय म्हणतो तेही पोरांच्या कानावर घाला. डोळ्यांदेखत घरफोडीसारखा गंभीर गुन्हा होत असेल तर साधा नागरिकही त्या माणसाला धरू शकतो. पण नुसत्या संशयावरून नाही, आणि धरल्यावर मारायचं तर मुळीच नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, अशा माणसाला विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असं स्पष्ट लिहिलं आहे. वाटसरूला विचारायचं ते लांबून, नीट शब्दांत. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. गडचिंचल्याची आणि राईनपाड्याची सुरुवात मोबाईलवरच झाली होती.

आणि आपलं, बायांचं काय? दारूबंदीसाठी २०१६ साली कायद्यात बदल होऊन जी ग्रामरक्षक दलं आली, त्यांत किमान ३३ टक्के महिला असाव्यात असं ठरलं. त्या कामात धोका वेगळा आहे. तिथे समोरचा चोर अनोळखी नसतो. दारू गाळणारा आपल्याच आळीतला असतो, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर, किराणा दुकानात त्याच्या घरच्यांशी गाठ पडतेच. म्हणून भट्टी फोडायला आपण जायचं नाही. खबर द्यायची, ती गटाच्या नावाने, लेखी, आणि पोच घ्यायची. एकीच्या नावाने दिलेली तक्रार तिला एकटीला महागात पडते.

आणखी एक गोष्ट आम्ही पुरुषांच्या बैठकीत कधी ऐकली नाही. रात्रभर जागलेला पोरगा सकाळी ट्रॅक्टरवर बसतो, नाहीतर पाठीला पंप लावून फवारणीला जातो. डोळ्यांवर झोप, हातात विष. म्हणून पाळी अशी लावा की एकाची आठवड्यातून एकच रात्र येईल आणि दुसऱ्या दिवशी त्याला शेतातल्या जोखमीच्या कामाला कोणी पाठवणार नाही. ही पाळी लावायचं काम बचत गटाने अंगावर घ्यावं. आपल्याकडे वह्या आहेत, हिशेब ठेवायची सवय आहे. निघालेल्यांची नावं एका रकान्यात लिहायची, परत आलेल्यांची दुसऱ्या. एखादा रकाना रिकामा राहिला तर उजाडायची वाट न बघता फोन करायचा.