बाहेरचं

राहुरीत 1936 साली मेहेरबाबांनी वेड्यांचा आश्रम काढला होता. आजी त्याच्या गोष्टी सांगायची. बाबांचं मौन 1925 पासूनचं. मळाची पुटं चढलेल्या माणसांना ते न बोलता स्वतःच्या हाताने अंघोळ घालत, जेवू घालत. 1937 मध्ये आश्रम अरणगावला, मेहेराबादला गेला. सरकारजवळ होता 1912 चा कायदा: मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि वेड्यांचं इस्पितळ. अशा वेडावरचं पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझिन, यायला 1952 उजाडलं. तोवर ऊन पाणी आणि पोटभर जेवण हाही उपचारच. मात्र घरात असलेल्या वेड्याशी कसं वागायचं, हे घरच्यांनीच निस्तरायचं.

आमच्याकडे ती पाळी 1983 मध्ये आली. धाकटा भाऊ, वय एकोणीस, भिंतीशी बोलू लागला. आई म्हणाली, "बाहेरचं आहे." देवऋषी, अंगारा, उतारे, सगळं झालं. वर्षभराने डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. तो माणसांत आला आणि आम्ही गोळ्या थांबवल्या. बरा झालाय, मग कशाला? असं तीनदा झालं. चिठ्ठीवर डोस होता. किती वर्षं घ्यायचा, हे कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

राहुरीच्याच जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे दांपत्य सत्तरच्या दशकापासून निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका करत होतं. जुलाब, बाळंतपण यांचं ज्ञान उंबऱ्यापर्यंत पोचत होतं. स्किझोफ्रेनिया हा शब्द मात्र मला 2004 मध्ये 'देवराई' सिनेमात भेटला. त्यातली बहीण मीच होते. सिनेमामागे होते धुळ्याचे, कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी. पत्नीचा हा आजार त्यांनी लपवला नाही. पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्थाही उभी केली.

मग पुण्यात अशाच नातेवाइकांच्या बैठकीला गेले. तिथे कळलं: भावाला ऐकू येणारे आवाज त्याच्यापुरते खरेच असतात, वाद घालू नये. दिवसभर पडून राहणं हा आळस नव्हे, आजारच. झोप उडाली की आठवडाभर वाट पाहू नये. आणि सततच्या टोमण्यांनी आजार उलटतो; लंडनच्या जॉर्ज ब्राऊन यांना हे पन्नासच्या दशकातच दिसू लागलं होतं. आमच्या माजघरात 1983 नंतरही टोमणेच चालू होते.

आता आई पंच्याऐंशीच्या पुढे आहे. परवा शेजारणीने दबक्या आवाजात विचारलं, "त्याचं ते बाहेरचं गेलं का हो?"

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "बाहेरचं कुठलं? माझी बीपीची गोळी, तशी त्याची ती."