बोशी तेचो आणि आजीची सुईण

जपानात ज्यांच्या घरी बाळ झालं, त्यांच्या कपाटात एक छोटी वही नक्की असेल. बोशी तेचो, म्हणजे मायलेकरांची आरोग्यवही! २००४ साली तोक्योच्या कुयाकुशोत गरोदरपणाची नोंद केली, तेव्हा मलाही ती मिळाली. माझ्या मनात मात्र घरीच बाळंत व्हायचं होतं. आजीची नऊच्या नऊ बाळंतपणं गावच्या सुईणीने केली. कसली रक्ततपासणी अन् कसलं काय! मग मलाच एवढ्या तपासण्या कशाला?

उत्तर त्या वहीच्या इतिहासात सापडलं. १९४२ साली, ऐन युद्धात, जपानने गरोदर बायकांसाठी अशी वही काढली. जर्मनीतली पद्धत पाहून आलेले डॉ. मित्सुओ सेगी यांची ही कल्पना. वही असली की शिधा जास्त मिळे, त्यामुळे बायका आपणहून नाव नोंदवीत. १९४८ पासून तीत बाळाच्याही नोंदी आल्या.

गंमत म्हणजे तेव्हा बाळंतपणं घरीच होत. १९५० सालीसुद्धा शंभरातली सुमारे ९५ बाळं दवाखान्याबाहेरच जन्मली. म्हणजे तपासणीची वही आधी आली, हॉस्पिटलं नंतर भरली!

१९४८ च्या कायद्यानुसार सुईणीला नेहमीचं बाळंतपण करता येतं, पण काही बिघाड दिसला की डॉक्टरकडे सोपवावं लागतं. आता बिघाड दिसणार कसा? रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, रक्तगट हे काही पोटावर हात ठेवून कळत नाही. आईकडून बाळाला जाणारा हिपॅटायटिस बी तर नाहीच नाही. १९८५ पासून त्याची तपासणी इथे देशभर होऊ लागली.

सगळ्याच चाचण्या सारख्या गरजेच्या असतात असं मात्र नाही. २०१३ साली इथे सुरू झालेली बाळाच्या गुणसूत्रांची रक्तचाचणी ऐच्छिक आहे. ती करायची की नाही, हे आईबापांनी ठरवायचं.

माझंच सांगते. सदतिसाव्या आठवड्यात रक्तदाब चढला, लघवीत प्रथिनं आली. माझ्या जोसान्शीबाईच म्हणाल्या, "आता घरी नको." मी रडले. मुलगी हॉस्पिटलात झाली, आम्ही दोघी सुखरूप.

आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "अगं, आजीची दोन मुलं जन्मताच गेली. ती कधी बोलली नाही."

का गेली, कोणालाच कळलं नाही. सुईणीला तरी काय बोल लावणार? तिच्याकडे रक्तदाब मोजायचं यंत्रही नव्हतं.