सिंगापूरच्या तोफा : एका सोयीस्कर कथेचा इतिहास

काही वाक्ये इतिहासातून जन्मतात आणि पुढे इतिहासालाच झाकून टाकतात. ‘सिंगापूरच्या तोफांची तोंडे समुद्राकडे होती आणि शत्रू मागून आला’ हे त्यांपैकी एक. आंधळ्या तयारीचा दाखला म्हणून ते आजही दिले जाते. ते निखालस खोटे नाही. पण जितके खरे आहे त्याहून अधिक सोयीचे आहे.

जपानी आरमाराच्या धास्तीने ब्रिटनने सिंगापूर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर नौदल तळ उभारला. १९३८ मध्ये तो खुला झाला. युरोपातून आरमार येईपर्यंत हा तळ राखणे, हे तटवर्ती तोफांचे काम. त्यांत १५ इंची तोफा पाच : पूर्वेला चांगी येथे तीन आणि ब्युओना व्हिस्टा येथे दोन. जोहोरच्या सुलतानाने १९३५ मध्ये राजा पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच लाख पौंड दिले. त्यातली काही रक्कम चांगीच्या तोफखान्यावर खर्च झाली, म्हणून त्याला जोहोरचे नाव मिळाले. एकेका गोळ्याचे वजन सुमारे ८८० किलो, पल्ला ३० किलोमीटरहून अधिक.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायात कोटा भारू येथे उतरले. दोनच दिवसांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या युद्धनौका विमानहल्ल्यात बुडाल्या. ज्या आरमारासाठी तळ राखायचा, त्याचा भरवसाच संपला. ८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री शत्रू सामुद्रधुनी ओलांडून बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आला. चांगीच्या तोफा तेव्हा गप्प नव्हत्या. त्या जमिनीच्या दिशेने वळवून डागल्या गेल्या. अडचण दिशेपेक्षा दारूगोळ्याची होती. साठ्यातले बहुतेक गोळे चिलखतभेदी, म्हणजे जहाजाचे पोलाद फोडण्यासाठी केलेले. पायदळावर डागले की ते मातीत खोल रुतत. ब्युओना व्हिस्टाच्या तोफांनी मात्र एकही गोळा डागला नाही. अखेर या पाचही तोफा ब्रिटिशांनीच निकामी केल्या आणि १५ फेब्रुवारीला जनरल पर्सिव्हल शरण गेले.

दोष तोफांच्या तोंडांवर ढकलला की माणसे सुटतात. विमाने अपुरी का होती, रणगाडे का नव्हते, उत्तर किनाऱ्याची तटबंदी वेळेवर का झाली नाही, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. या कथेत आणखी एक गोष्ट हरवते. या किनारी संरक्षणातील ‘हाँगकाँग अँड सिंगापूर रॉयल आर्टिलरी’ या दलात हिंदी गोलंदाज होते. शरणागतीनंतर, १७ फेब्रुवारीला, सुमारे ४०,००० हिंदी युद्धकैद्यांना फेरर पार्कच्या मैदानावर जपान्यांच्या हवाली करण्यात आले. आझाद हिंद सेनेची पहिली हाक त्यांनी तिथेच ऐकली. तोफांच्या दिशेची चर्चा करणाऱ्यांना तोफांमागची ही माणसे क्वचितच आठवतात.

जोहोर तोफखान्याची भुयारे १९९१ मध्ये पुन्हा सापडली. आज तिथे दिसणारी तोफ ही प्रतिकृती आहे. जमिनीखालची दारूगोळ्याची कोठारे मात्र मूळची आहेत. रूपके शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी या जागेकडून एक प्रश्न अवश्य घ्यावा : एखादे वाक्य इतके सहज तोंडी बसते, तेव्हा ते कोणाला निर्दोष ठरवत असते?