आयर्लंडमधील कुळांचे वराहपालन व खंडाचे अर्थकारण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडमधील कुळाच्या झोपडीत वावरणारे डुक्कर हे अनेक परदेशी प्रवाशांस केवळ अस्वच्छतेचे लक्षण वाटले. आयरिश लोकव्यवहारात मात्र त्यास ‘खंड भरणारे सद्गृहस्थ’ असे विनोदाने म्हटले जाई. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने या विनोदातच अधिक तथ्य आहे.

कुळाच्या तुकड्यात पिकणारा बटाटा वजनास भारी, किमतीस हलका आणि पुढील उन्हाळ्यापलीकडे न टिकणारा होता. तो दूरच्या बाजारात नेणे परवडत नसे. जमीनदाराचा खंड मात्र बहुधा रोख द्यावा लागे. ही अडचण डुकराने दूर केली. दूध सुटलेले पिल्लू विकत घ्यावयाचे, बारीक व डागी बटाटे, साली आणि घरचे उष्टे यांवर ते पोसावयाचे, आणि काही महिन्यांनी विकून खंड चुकता करावयाचा, असा हा क्रम असे. त्याचे खत पुढील हंगामातील बटाट्यास मिळे. १८२० नंतर आगबोटींची वाहतूक वाढून ब्रिटनच्या बाजारपेठेत जिवंत डुकरे धाडणेही सुलभ झाले.

या व्यवहाराचा हिशेब व्यापारी पद्धतीने मांडल्यास तो फसवा ठरतो. चाऱ्याची बाजारभावाने किंमत धरली व बायकामुलांच्या श्रमाचे मोल लावले, तर नफा फारच थोडा उरेल. परंतु त्या बटाट्यास व त्या श्रमास अन्यत्र गिऱ्हाईक नव्हते. किरकोळ, नाशवंत वस्तूंचे एकरकमी रोकडीत रूपांतर करणे, हेच या वराहपालनाचे खरे प्रयोजन होय. या अर्थाने डुक्कर ही कुळाची बचतपेढी होती.

तथापि या पेढीचा पाया कुटुंबाच्या अन्नाहून निराळा नव्हता. सप्टेंबर १८४५ मध्ये बटाट्यावर करपा दिसू लागला आणि १८४६ मध्ये जवळजवळ सर्व पीक बुडाले. माणसांसच बटाटा पुरेना, तेथे डुकरांस कोठून मिळणार? १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे १४ लक्ष असलेली डुकरांची संख्या १८४७ मध्ये सुमारे ६ लक्षांवर आली. याउलट, मुख्यतः मोठ्या शेतकऱ्यांकडे असलेल्या व गवतावर पोसल्या जाणाऱ्या गुरांची संख्या १८४१ ते १८५१ या काळात १८ लक्षांवरून २९ लक्षांपलीकडे गेली. म्हणजे अन्न आणि खंडाची तरतूद ही दोन्ही कुळाने एकाच वेळी गमावली. आणि खंड थकलेल्या कुळास जमिनीवरून हुसकावून लावण्याचा मार्ग जमीनदारास मोकळा झाला.

१८५१ पर्यंत डुकरांची संख्या पुन्हा १० लक्षांवर पोहोचली. परंतु १ ते ५ एकरांच्या धारणांची संख्या १८४१ च्या निम्म्याहूनही खाली आली होती. एकूण पशुसंख्या सावरली, म्हणून लहान उत्पादक सावरला असे अनुमान काढणे, म्हणूनच, सयुक्तिक ठरत नाही.