गर्भधारणेपूर्वीचा मानसिक आजार व प्रसूतिपश्चात धोका : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : प्रसूतीनंतर उद्भवणाऱ्या मानसिक आजाराची नोंद वैद्यकशास्त्रात पूर्वीपासून आढळते. मात्र गर्भधारणेपूर्वीच्या आजारावरून या धोक्याची पूर्वसूचना मिळते, ही जाणीव व्यवहारात उतरण्यास दीर्घ काळ लागला. प्रस्तुत लेखात त्या प्रवासाचा आढावा घेतला आहे.

विवेचन : फ्रेंच वैद्य लुई व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ३१० रुग्णांपैकी २७ जणींचा आजार गरोदरपणी, १८० जणींचा प्रसूतीनंतर, तर १०३ जणींचा स्तनपानाच्या काळात सुरू झाला होता. आनुवंशिकता व पूर्वी येऊन गेलेला आजार यांची गणना मार्से यांनी कारणांत केली. १९८७ मध्ये केंडेल व सहकाऱ्यांनी एडिंबरो येथील ५४,०८७ प्रसूतींचा अभ्यास मांडला. त्यांत ९० दिवसांच्या आत मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल होण्याच्या १२० घटना आढळल्या. ही संख्या अल्प असली तरी उन्माद-अवसाद विकाराचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रियांत हा धोका कितीतरी अधिक होता. ब्रिटनमधील १९९७-९९ या काळातील मातामृत्यूंच्या चौकशी अहवालाने २००१ मध्ये आत्महत्यांकडे लक्ष वेधले आणि गरोदर स्त्रीच्या पहिल्या नोंदणीतच पूर्वीच्या मानसिक आजाराची विचारणा व्हावी, अशी शिफारस केली.

निष्कर्ष : मार्से यांच्या ग्रंथापासून या शिफारशीपर्यंत १४३ वर्षे लोटली. भारतात बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ साली माता-बालक कक्ष सुरू झाला. तथापि असा कक्ष आजार उद्भवल्यानंतर उपयोगी पडतो. लोकलज्जेपोटी दडवलेला पूर्वेतिहास वेळीच व आदराने विचारला गेला, तरच प्रतिबंध शक्य होतो, असे या इतिहासावरून म्हणता येते.