लेकराचा डोळा आणि मुक्कामाची सोय

लहानपणी बिलोलीत आमच्या गल्लीतल्या एका लेकराचा डोळा दिव्यासमोर मांजरासारखा चमकायचा. आम्हा पोरांना त्याचं भारी कौतुक. बायका दृष्ट काढायच्या. पुढे तो डोळा सुजून बाहेर आला. घरचे त्याला हैदराबादला घेऊन गेले, आठ दिवसांनी परतले आणि पुन्हा गेलेच नाहीत. डॉक्टर डोळाच काढायचा म्हणतात, आम्ही नाही काढू दिला, असं त्यांनी गावात सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात लेकरू गेलं. कितीतरी वर्षं मी याला निव्वळ अडाणीपणा समजत होतो.

या रोगाचं नाव रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा हा कर्करोग, बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांना होणारा. जेम्स वॉर्ड्रॉप या स्कॉटिश शल्यवैद्याने 1809 मध्ये त्याचं वेगळेपण ओळखलं आणि वेळीच डोळा काढला तर जीव वाचेल असं सुचवलं. तेही भूल देण्याची सोय नसताना! आज रोग लवकर सापडला तर औषधं आणि लेसर वापरून पुष्कळदा डोळाही वाचतो.

म्हणजे उपाय होता. रुग्णालयंही होती. परळचं टाटा रुग्णालय 1941 सालचं. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, पण मोठ्या दुखण्याला पावलं हैदराबादकडेच वळायची. तिथे 1980 च्या दशकात एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था उभी राहिली. मग अडलं कुठे?

हे मला त्या लेकराच्या चुलत्याने सांगितलं, फार उशिरा. "डोळ्याला आम्ही तयार होतो रे. आठ दिवस दवाखान्याच्या भिंतीला टेकून काढले. जवळचे पैसे चहा-पावातच संपले. पैसे संपले म्हणून आलो, असं गावात कसं सांगावं?"

उपचार एका दिवसाचे नसतात. केमोथेरपी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, अशी महिनोन् महिने. एवढा काळ मजुरी बुडवून परक्या शहरात राहायचं कुठे? त्यात औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती खचलेली, बाहेरचं खाणंही धोक्याचं. दान म्हटलं की आपण ऑपरेशनचं बिल भरतो. मुक्कामाचा विचार फार थोड्यांनी केला.

त्यातले एक गाडगेबाबा. स्वतः घरदार सोडलेल्या या माणसाने जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटातल्या रुग्णांचा मोठा आधार आहे. परळला 1968 पासून नाना पालकर स्मृती समितीने हेच काम हाती घेतलं. पण फक्त कर्करोगाच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी जागा म्हणाल तर 2006 उजाडावं लागलं. निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केलं. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, शिधा, आणि आईला स्वतःच्या हाताने रांधता येईल असं स्वयंपाकघर. सगळं मोफत. आता हैदराबादसह अनेक शहरांत त्यांची केंद्रं आहेत.

सरकारी बाजूही सांगायला हवी. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, आजची महात्मा फुले योजना. पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. आपल्याकडे एखाद्या गोष्टीत पहिला नंबर लागणं तसं दुर्मीळच! रेल्वेतही कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. असो.

मध्यंतरी गावी गेलो तेव्हा चुलत्याला हे सगळं सांगत बसलो. योजना, सवलती, केंद्रं... म्हातारा ऐकत होता. बाकीच्या कशाबद्दल त्याने काही विचारलं नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "अन् तिथं आईला सैपाक करू देतात?"

हो म्हटलं.

"तव्हा असतं तर," एवढंच म्हणून तो बैलाला पाणी दाखवायला उठला.