आगगाडी आणि शिक्षणाची भाषा

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं सहा वर्षें याच मुंबईंत शिक्षणाविषयीं एक मोठा वाद झाला होता. त्याची आठवण फारसें कोणी काढीत नाहीं.

१८४७ सालीं मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी होते. नवें ज्ञान इंग्रजींत सांठविलेलें आहे आणि सरकारजवळ पैसा थोडा. तेव्हां थोड्यांनाच कां होईना, पण इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें, असें त्यांचें म्हणणें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले जॉर्ज जर्व्हिस. हे गृहस्थ पेशानें लष्करी इंजिनिअर. मराठींत गणिताचीं पुस्तकें त्यांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें तयार केलीं होतीं. विद्या बहुजनसमाजापर्यंत न्यावयाची तर ती त्यांच्याच भाषेंतून गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिघे एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्याच बाजूस होते.

यांत नाना शंकरशेटांची भूमिका विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. नव्या युगास भिऊन ते मातृभाषेच्या आड लपले नव्हते. आगगाडी मुंबईस यावी म्हणून झटणाऱ्यांत ते अग्रभागीं होते, आणि रेल्वे कंपनीच्या संचालकांतही त्यांचें नांव होतें. इंग्रजी विद्येचे तर ते पुरस्कर्तेच. यंत्र यावें, इंग्रजीही यावी. परंतु ज्ञान थोड्या घरांत कोंडून राहूं नये, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

पुढें १८५४ मध्यें चार्ल्स वुड यांचा खलिता आला, १८५७ त मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि प्राथमिक शाळांत देशी भाषा व उच्च शिक्षणांत इंग्रजी अशी वाटणी रूढ झाली. रूळ टाकणारा आणि इंजिनांत कोळसा घालणारा मजूर यंत्राजवळ आला खरा; परंतु त्या यंत्राचें शास्त्र त्याच्या भाषेंत फारसें उतरलें नाहीं.

आज आगगाडीच्या जागीं संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, आणि मुलास कोणत्या शाळेंत घालावें हा प्रश्न घरोघरीं पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें निदान पांचवीपर्यंत, शक्य तेथें, मातृभाषेंतून शिकवावें असें सुचविलें. २०२१ मध्यें इंजिनिअरिंगचें शिक्षण मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून देण्याची मुभाही मिळाली. पण मुभा मिळाल्यानें पुस्तकें तयार होत नाहींत. तीं कोणी तरी बसून लिहावीं लागतात. एका परक्या इंजिनिअरानें तें काम दोनशे वर्षांपूर्वीं हातीं घेतलें होतें. इंग्रजींतून शिकून मोठे झालेले आपण त्यांतला आपला वाटा कधीं उचलणार, याचा विचार प्रत्येकानें आपल्या घरीं करावा.